मिगला सलामी, अजिंक्यला यादी

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ चा निरोप समारंभ झाला. संरक्षणमंत्री आले, हवाई दलप्रमुख स्वतः त्यात बसून उडाले, विमानं उतरल्यावर त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे सोडले गेले. बासष्ट वर्षांची नोकरी संपवून विमान घरी गेलं. आमच्या ओझरमध्ये त्या दिवशी टाऊनशिपपासून गावठाणापर्यंत तोच विषय होता. साहजिक आहे. १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना या माळावर आला तो मिगसाठी, आणि तेव्हापासून गावाच्या नावाला ‘मिग’ जे चिकटलं ते चिकटलंच. गणपतीचं ओझर जुन्नर तालुक्यात. आमचं विमानांचं.

आता या विमानाची सेवापुस्तिका उघडा. १९७१ च्या युद्धात मर्दुमकी गाजवली, हे पहिलं पान. पुढं अपघातांची पानं, आणि त्यात गेलेल्या तरुण वैमानिकांची. वर्तमानपत्रांनी त्याला ‘उडती शवपेटी’ म्हणायला सुरुवात केली त्यालाही जमाना झाला. निवृत्तीच्या तारखा जाहीर झाल्या, पुढं गेल्या, पुन्हा जाहीर झाल्या. मध्ये सव्वाशे विमानांना नवं रडार, नवी क्षेपणास्त्रं लावून त्यांचं ‘बायसन’ करण्यात आलं, तेही इथंच, ओझरला. एवढा खटाटोप प्रेमापोटी नव्हता. तेजस तयार नव्हतं. जागा घेणारा कुणी नाही म्हणून म्हाताऱ्याला संघात ठेवलं होतं. ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आमच्या डोक्यावरून उडालं ते १७ ऑक्टोबरला, म्हणजे मिगला निरोप दिल्यावर तीन आठवड्यांनी. एवढं सगळं असूनही मिगला कुणी चोरासारखं मागच्या दारानं काढलं नाही. तारीख आधी सांगितली, लोकांना बोलावलं, सलामी दिली.

कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका त्या दिवसांत हायवेवरच्या चहाच्या टपरीवर म्हणाले, “भाऊ, आमच्या विमानाला सलामी मिळाली. त्या अजिंक्यला काय मिळालं?”

काकांनी विषय काढला, सदर मी लिहितो. त्यांना मानधन नाही.

अजिंक्य रहाणे आमचा शेजारी. जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, वाढला डोंबिवलीत, किट घेऊन लोकलमध्ये लोंबकळत मुंबईच्या मैदानांवर जायचा. हा माणूस संघात आला तोच मुळी वाट बघून बघून. कसोटी संघात निवड झाल्यावर पहिला सामना मिळेपर्यंत त्यानं पाणी, टॉवेल आणि बॅटी नेण्यात इतका काळ घालवला की लोकांना तो राखीव खेळाडूच वाटायला लागला. पदार्पण झालं मार्च २०१३ मध्ये, दिल्लीत. त्यानंतर ८५ कसोट्या, ५०७७ धावा, १२ शतकं. लॉर्ड्सवर शतक, मेलबर्नवर दोन. त्यातलं दुसरं डिसेंबर २०२० मधलं. अ‍ॅडलेडला सगळा संघ ३६ धावांत गुंडाळला गेला होता, विराट कोहली बायकोच्या बाळंतपणासाठी घरी परतला होता, गोलंदाज एकेक करून जायबंदी होत होते आणि हंगामी कर्णधार म्हणून हा उभा राहिला. ११२ केल्या, कसोटी जिंकली. जानेवारीत ब्रिस्बेनला अर्धा संघ नवशिक्यांचा घेऊन मालिका जिंकली. जिंकल्यावर उड्या मारायच्या सोडून नेथन लायनला शंभराव्या कसोटीची भेट म्हणून सगळ्यांच्या सह्यांची जर्सी दिली. सहा कसोट्यांत कर्णधार होता. चार जिंकल्या, दोन अनिर्णित, हरला एकही नाही.

अशा माणसाला दोनदा डच्चू मिळाला. पहिल्यांदा २०२२ च्या सुरुवातीला, दक्षिण आफ्रिकेचा दौरा संपल्यावर. २०२३ च्या मार्चमध्ये बोर्डाच्या वार्षिक करारांची यादी आली, त्यातूनही नाव गायब. मग श्रेयस अय्यरची पाठ दुखावली, आयपीएलमध्ये रहाणेनं चेन्नईकडून आपल्या स्वभावाला न शोभणारी फटकेबाजी केली, आणि जून २०२३ मध्ये ओव्हलच्या कसोटी अजिंक्यपद अंतिम सामन्यासाठी त्याला हाक आली. त्यानं ८९ आणि ४६ केल्या. भारत हरला, पण धावा याच्याच दिसत होत्या. लगेच वेस्ट इंडिज दौऱ्यावर उपकर्णधार. तिथं ३ आणि ८. झालं. पुढच्या यादीत नाव नाही. त्याच्या पुढच्या यादीतही नाही.

जून महिन्यात तारणहार, जुलैमध्ये उपकर्णधार, नोव्हेंबरच्या यादीत बेपत्ता. आमच्या नगरपरिषदेतसुद्धा सभापती बदलायला याहून जास्त दिवस लागतात.

थांबा. आता बाह्या सरसावून ‘मराठी माणसावर अन्याय’ हा फ्लेक्स छापायला टाकू नका. २०२१ या वर्षात रहाणेची कसोटीतली सरासरी २१ च्याही खाली होती. पाचव्या क्रमांकावरच्या फलंदाजानं वर्षभर तेवढ्याच धावा केल्या तर निवड समितीनं काय त्याची आरती ओवाळायची? मेलबर्नचं शतक ठेव म्हणून बँकेत ठेवलं आणि त्याच्या व्याजावर आणखी वर्षभर संघात राहिला, असं कुणी म्हटलं तर मला भांडता येणार नाही. त्याला वगळलं हे बरोबर होतं, असं माझं मत आहे. निफाडकडचा बागाईतदारही ऑक्टोबर आला की जुन्या काडीकडं बघून हळहळत बसत नाही, कात्री चालवतो.

शिवाय अन्यायाची तक्रार करायची तर करायची कुणाकडं? पूर्वी बरं होतं. दिल्लीवाल्यांनी काढलं, कलकत्त्याच्या लॉबीनं काढलं, असं म्हणून आपण मोकळे. जुलै २०२३ पासून निवड समितीचा अध्यक्ष अजित आगरकर आहे. मुंबईचा. शिवाजी पार्कचा. रहाणेबरोबर मुंबईच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसलेला. दोघं एकमेकांशी मराठीत बोलू शकतात. बोललेच तर.

आणि खरी गोम तीच आहे. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस रहाणेनं छत्तीसगडविरुद्ध रणजीत १५९ केल्या आणि मग मनातलं बोलून टाकलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, मला कुणी काही सांगितलंच नाही. वगळलं याचं दुःख आहेच. पण का वगळलं, पुढं काय, वाट बघू की पॅड सोडू, यातलं काही कुणी त्याच्याशी बोललं नाही. ३७ वर्षांचा, भारताचा माजी कर्णधार. त्याला आपली नोकरी गेल्याचं कळलं ते तुम्हाला-मला कळलं तसंच, टीव्हीवर खालून सरकणाऱ्या पट्टीवरून.

आमच्या कारखान्यातला फिटर साठाव्या वर्षी निवृत्त होतो, तेव्हा त्याला तारीख नोकरीला लागल्या दिवसापासून ठाऊक असते. शेवटच्या दिवशी शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो, साहेबांचं भाषण आणि ज्याच्याशी तीस वर्षं पटलं नाही त्याचेही दोन गोड शब्द. खोटं असतं सगळं थोडंफार, पण चारचौघांत असतं. बीसीसीआय जगातलं सर्वांत श्रीमंत क्रिकेट बोर्ड आहे. नारळ त्यांना परवडेल.

वगळणाऱ्यांची यादी काढून बसलो आणि मजा वाटायला लागली. बहुतेक सगळे स्वतः वगळलेले!

संदीप पाटील घ्या. १९८१ मध्ये अ‍ॅडलेडला १७४. १९८२ मध्ये मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार. दिसायला देखणा, खेळायला त्याहून देखणा. दादर भागात त्या वेळी किती जणांनी केस तसे वाढवले असतील याची मोजदाद नाही. डिसेंबर १९८४ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध कसोटी होती. शेवटच्या दिवशी डोकं थंड ठेवून खेळलं असतं तर सामना वाचत होता. पाटील ४१ धावांवर असताना एडमंड्सला उंच मारायला गेला आणि झेल देऊन आला. कपिल देवनं येऊन एक षटकार ठोकला, लगेच दुसऱ्या फटक्याच्या नादात तोही गेला. भारत हरला. बेजबाबदार फटक्याबद्दल दोघांनाही कलकत्त्याच्या पुढच्या कसोटीतून काढलं. गुन्हा एकच, कलम एकच. कपिल एका कसोटीची शिक्षा भोगून मद्रासला परत आला. पाटील पुन्हा कधीच कसोटी खेळला नाही. अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच्या जागी कलकत्त्यात अझरुद्दीन आला, त्यानं पहिल्या तीन कसोट्यांत तीन शतकं ठोकली, आणि पाटीलची फाइल बंद झाली. निवड समितीचं नशीब असं असतं. न्याय चुकला तरी निकाल बरोबर येतो, मग न्यायाबद्दल कोण विचारतो!

हाच संदीप पाटील सप्टेंबर २०१२ मध्ये निवड समितीचा अध्यक्ष झाला. वाटलं, हा तरी पोळलेला माणूस आहे. त्याच्या कारकिर्दीत वीरेंद्र सेहवाग बाहेर गेला, मालिका चालू असताना, मधूनच. निवृत्तीनंतर सेहवागनं उघडपणे तक्रार केली की मला आधी कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर मी मैदानावरूनच निरोप घेतला असता. सचिनचा विषय मात्र पाटीलनं समोर बसून काढला. डिसेंबर २०१२ मध्ये समितीनं सचिनला भेटून पुढचा विचार काय, असं विचारलं. २३ डिसेंबरला सचिनची एकदिवसीय सामन्यांतून निवृत्ती जाहीर झाली. तो स्वतः थांबला नसता तर आम्ही थांबवणारच होतो, हे पाटीलनं २०१६ मध्ये खुर्ची सुटल्यावर सांगितलं. खुर्ची सुटल्यावर! आपल्याकडं खरं बोलण्याचा मुहूर्त नेहमी राजीनाम्याच्या किंवा मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचा निघतो, तलाठ्यापासून राज्यपालापर्यंत. तरीही पाटीलला अर्धे मार्क देतो. निदान एकाशी तरी बोलला. तो एक सचिन होता म्हणून उरलेले अर्धे कापतो.

अजित वाडेकर. १९७१ मध्ये विजय मर्चंट यांनी अध्यक्ष म्हणून आपलं निर्णायक मत टाकून पतौडींऐवजी वाडेकरांना कर्णधार केलं. वाडेकरांनी त्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकून दिल्या. मुंबईत उघड्या गाडीतून मिरवणूक. इंदूरला विजयाचं स्मारक म्हणून सिमेंटची भलीमोठी बॅट उभारली. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ३-० असा मार खाल्ला, लॉर्ड्सवर ४२ धावांत संघ गारद झाला, आणि त्याच इंदूरच्या बॅटीला लोकांनी काळं फासलं. कर्णधारपद गेलं ते ठीक. दुलीप करंडकाच्या पश्चिम विभागाच्या संघातूनसुद्धा वाडेकरांना वगळलं गेलं. त्यांनी बॅट ठेवून दिली आणि बँकेतल्या नोकरीकडं लक्ष वळवलं. मर्चंट यांच्या नावावर एक उपदेश सांगितला जातो: लोक ‘का चाललास’ विचारत असताना जावं, ‘जात का नाहीस’ विचारेपर्यंत थांबू नये. सुंदर आहे. फक्त वाडेकरांना लोकांनी दुसरा प्रश्न विचारायलाही वेळ घेतला नाही. पुढं हेच वाडेकर संघाचे व्यवस्थापक झाले, निवड समितीचे अध्यक्षही झाले.

आणि आगरकर. वन-डेमध्ये सर्वांत जलद पन्नास बळी घेण्याचा विक्रम एके काळी त्याच्या नावावर होता. लॉर्ड्सवर शतक, जे सचिनलाही जमलं नाही. अ‍ॅडलेडला २००३ मध्ये ४१ धावांत सहा बळी, आणि भारतानं ती कसोटी जिंकली. शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना सप्टेंबर २००७ मध्ये. निवृत्ती जाहीर केली ऑक्टोबर २०१३ मध्ये. मधली सहा वर्षं? रणजी खेळत होता, मुंबईला चाळिसावा करंडक जिंकून दिला, आणि यादीत नाव येतं का, हे प्रत्येक वेळी बघत असणार. बघणारच. माणूस आहे. त्याला तेव्हा कुणी फोन केला होता का, हे मला माहीत नाही. केला असता तर इतकी वर्षं थांबला नसता, एवढा अंदाज बांधायला मात्र ज्योतिषी लागत नाही.

प्रशिक्षक गौतम गंभीरही त्याच बाकावरचा. शेवटची कसोटी नोव्हेंबर २०१६, निवृत्ती डिसेंबर २०१८. दोन वर्षं अधांतरी. म्हणजे आज भारतीय संघाचं नशीब ज्या दोघांच्या हातात आहे, त्या दोघांनाही यादीबाहेर वाट बघत बसणं म्हणजे काय ते अंगावरच्या जखमेइतकं ठाऊक आहे. सासूचा जाच सोसलेली सून सासू झाल्यावर काय करते, हे आपल्या ओव्या-मालिकांनी पुरेसं सांगितलेलं असल्यामुळं मी थांबतो.

रोहित शर्माचं प्रकरण याच मालेतलं, पण बॅनर मोठा. जन्म नागपूरचा, घडला बोरिवलीत. जानेवारी २०२५ मध्ये सिडनी कसोटीत कर्णधार असून स्वतःच बाहेर बसला आणि उपाहाराच्या वेळी टीव्हीवर येऊन सांगून गेला की मी कुठंही जात नाही. मार्चमध्ये चॅम्पियन्स करंडक जिंकून आणला. ७ मे रोजी कसोटीतून निवृत्ती. कसोटीच्या टोपीचा फोटो टाकला आणि संपलं. ऑक्टोबरमध्ये वन-डेचं कर्णधारपद काढून शुभमन गिलकडं दिलं. इथं मात्र आगरकरला पत्रकारांसमोर बसून कारण सांगावं लागलं. तीन प्रकारांना तीन कर्णधार ठेवणं व्यवहारात जमत नाही, असं त्याचं म्हणणं. पटो न पटो, म्हणणं तरी आहे. त्याच महिन्यात रोहितनं ऑस्ट्रेलियात आधी ७३, मग सिडनीला नाबाद १२१ केल्या आणि मालिकावीर ठरला. आता त्याला काढताना आणखी एक पत्रकार परिषद घ्यावी लागेल. रोहितला काढलं तर कारण द्यावं लागतं, रहाणेला काढलं तर नाही, कारण रोहितमागं पाच-दहा कोटी मोबाइल उभे आहेत. रहाणेमागं संगमनेर तालुका.

काही जण शहाणे निघाले. पुण्याचा केदार जाधव. शेवटची वन-डे फेब्रुवारी २०२० मध्ये, ऑकलंडला. त्यानंतर यादीत नाव नाही, फोन नाही, काही नाही. चार वर्षं वाट बघून ३ जून २०२४ ला त्यानं धोनीच्या थाटात जाहीर करून टाकलं: दुपारी तीन वाजल्यापासून मला निवृत्त समजा. ज्यांनी चार वर्षं आधीच समजून ठेवलं होतं त्यांनाही तेवढीच वेळ पाळावी लागली. पुढं २०२५ मध्ये तो भाजपमध्ये गेला. तिथं यादीतून नाव कटलं की रात्रीतून दुसरा पक्ष तिकीट देतो, क्रिकेटमध्ये ती सोय नाही.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही मला ज्येष्ठ खेळाडू संघटनेचा सरचिटणीस समजाल. निरोपाचा सामना द्या, ही मागणी मला मान्य नाही. गांगुलीला नागपूरला जामठ्याच्या मैदानावर २००८ मध्ये निरोप मिळाला. धोनीनं शेवटची काही षटकं त्याच्याकडं कर्णधारपद दिलं, डोळे पाणावले. सचिनला वानखेडेवर २०१३ मध्ये मिळाला, सगळा देश रडला. छान झालं. पण गांगुली आधी सांगून त्या मालिकेत उतरला होता आणि पहिल्या डावात ८५ करून गेला, सन्मानाच्या कोट्यातून नव्हे. प्रत्येक वगळलेल्याला एकेक कसोटी ‘मानाची’ द्यायची ठरवली, तर भारताच्या संघात अकरापैकी चार जण कायम हारतुऱ्यांसाठी उभे असतील. संघातली जागा ही बक्षीस नाही, आणि ती कुणाच्या तरी पोटावर पाय देऊन रिकामी होते.

कुणाच्या, तेही सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये बोर्डाला अचानक साक्षात्कार झाला की मोठ्या खेळाडूंनीही रणजी खेळली पाहिजे. फर्मान निघालं. रोहित शर्मा आणि यशस्वी जैस्वाल मुंबईकडून बीकेसीच्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध सलामीला उतरले. रोहितनं ३ आणि २८ केल्या. मुंबई हरली. कर्णधार कोण? अजिंक्य रहाणे. बाहेर कोण बसलं? विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे, ज्यानं त्याच हंगामात महाराष्ट्राविरुद्ध १७६ केल्या होत्या. त्याच सुमारास नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना चालू होता. बांबूच्या कठड्याला टेकून उभी असलेली शाळकरी पोरं मोबाइलवर बीकेसीचा स्कोअर बघत होती आणि त्यांची चर्चा एकच: रोहित किती केला रे? आयुष म्हात्रेबद्दल कुणी विचारलं नाही. दिग्गजाला ‘लय सापडावी’ म्हणून रणजीत पाठवतात, तेव्हा त्याच्या लयीची किंमत कुठलं तरी पोर बाकावर बसून मोजतं. त्या पोरालाही कुणी फोन करत नाही.

आणि ज्यांना कधी वगळलंच नाही त्यांचं काय? म्हणजे ज्यांना घेतलंच नाही. पद्माकर शिवलकर मार्च २०२५ मध्ये गेले. रणजीत बळींचा ढीग लावला, भारताची टोपी कधी मिळाली नाही. समोर बिशनसिंग बेदी नावाची भिंत होती. अमोल मुझुमदारनं रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, भारतीय संघाचं दार उघडलं नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक म्हणून तो मैदानावर होता. या दोघांची गोष्ट सांगून रहाणेला ‘तुझं त्यापेक्षा बरं’ असं सुनवायचा मोह मलाही झाला. पण एकाला उपाशी ठेवलं म्हणून दुसऱ्याचं ताट ओढून घ्यायला परवानगी मिळत नाही.

विनोद कांबळीचं नाव अजून कसं आलं नाही, असं तुम्ही म्हणाल. १७ कसोट्या, सरासरी ५४.२०, तेविसाव्या वर्षी शेवटची कसोटी. त्याच्यावर स्वतंत्र सदर लागेल, आणि त्यात विनोद फारसा नसेल.

काका परवा पुन्हा भेटले. मी त्यांना म्हटलं, “रहाणेला काढलं ते योग्यच होतं, काका.” ते म्हणाले, “मी कुठं नाही म्हणतो? मिगलासुद्धा काढायलाच पाहिजे होतं. वीस वर्षं आधी.” चहा संपवून स्कूटरला किक मारली आणि गेले. एका वाक्यात माझं अर्धं सदर खाऊन गेले.

तेव्हा, आगरकरसाहेब, एक विनंती. यादी तुमचीच. कात्री तुमचीच. रहाणेला परत घ्या असं ओझरहून कुणी म्हणत नाही. छत्तीस-सदतिसाव्या वर्षीच्या मधल्या फळीवर ऑस्ट्रेलियाची पुढची मालिका अवलंबून ठेवू नका, हेही मान्य. पण ज्याला वगळायचं त्याला यादी छापण्याच्या आदल्या दिवशी फोन करायचा, आणि का वगळलं ते दुसऱ्या दिवशी नाव घेऊन जाहीर सांगायचं, असा नियम करून टाका. करार यादीतला प्रत्येक खेळाडू, कप्तान असो की बारावा. पहिला फोन रहाणेला करा. दोन वर्षं उशीर झालाय, पण तुम्ही सहा वर्षं वाट बघितली होती, म्हणून तुम्हाला सांगतोय. मराठीत बोला. पाच मिनिटं लागतील.